पावती माझ्या नावाची, पैसे ताईचे

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, पगार १९,५०० रुपये. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी पाहिली आणि त्याच रात्री पूरग्रस्तांसाठी ५,००० रुपये पाठवले. त्याचा पस्तावा आजही नाही. चूक पुढे झाली.

मला देण्याची चटक लागली. फर्ग्युसन रस्त्यावर टॅब घेऊन उभ्या असलेल्या एका संस्थेच्या मुलांनी अडवले आणि मी दरमहा १,००० रुपयांचे ऑटो-डेबिट सुरू करून दिले. ‘सर, टॅक्सही वाचेल,’ म्हणाले. वर्षाला २,३४,००० मिळवणाऱ्या मला कर लागतच नव्हता, हे डोक्यातच आले नाही. महिन्याभरात दुसऱ्या संस्थेचे ८०० सुरू झाले. व्हॉट्सॲपवर कुणाच्या ऑपरेशनचे आवाहन आले की पाचशे-हजार जायचेच. मित्र ‘कर्ण’ म्हणू लागले, मलाही ते गोड वाटू लागले. मेसचे बिल मात्र तुंबत गेले.

ऑक्टोबरात डेंगी झाला. हॉस्पिटलने १५,००० डिपॉझिट मागितले. खात्यात ९०० होते. बार्शीहून ताईने रातोरात पैसे पाठवले. पिको मशीन घ्यायला तिने भिशी उचलली होती, ती. त्याच आठवड्यात शिल्लक नाही म्हणून ऑटो-डेबिट परत गेले आणि बँकेने वर दंड लावला. बरा झाल्यावर ताईला सगळे सांगितले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अरे, दान तू केलंस की मी?”

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. नव्याने कमावणाऱ्यांनी त्या ऐकाव्यात.

आधी तीन महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी वेगळ्या खात्यात टाका. ती भरेपर्यंत शंभरातले दोन रुपये द्या, भरल्यावर पाच. महिन्याचा वाटा संपला की कितीही हळवे आवाहन येऊ दे, ‘पुढच्या महिन्यात बघतो’ म्हणायला शिका. मला ते सगळ्यात जड गेले.

रस्त्यात उभ्या उभ्या होकार देऊ नका. माहितीपत्रक घ्या, संस्थेची नोंदणी आणि हिशेब पाहा, मगच ठरवा. एकदा दिलेला मॅन्डेट बँकेकडे अर्ज करून रद्द करता येतो; त्यात लाज कसली?

करसवलतीला भुलू नका. देणगीवरची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही.

खिसा रिकामा असला तरी देण्यासारखे असतेच. वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो असेल, तर निरोगी माणसाला रक्तदान करता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा. मी रविवारी दोन तास वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो.

पुढच्या वेळी क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी क्षणभर थांबा. उद्या मी आजारी पडलो तर पैसे कुणाकडे मागेन? जे नाव आठवेल, त्या माणसाला आधी विचारा.