मेळघाटातून एमपीएच : पुढे काय?

प्रश्न : मी बीएएमएस, धारणी तालुक्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केल्यास अमरावती-अकोल्यातच काम मिळेल का?

उत्तर : मिळू शकेल, पण पर्मनंटची आस धरू नका. जिल्हा साथरोग तज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक ही पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, म्हणजे कंत्राटी. जाहिरातीतली पात्रता दरवेळी वाचा. बीएएमएसचं घोडं तिथंच अडतं. मला विचाराल तर संशोधनाकडे वळा. उतावलीची ‘महान’ संस्था मेळघाटातल्या बालमृत्यूंवर वर्षानुवर्षं काम करतेय. शिकायला मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र पाहा. कोरकू बोलता येत असेल, तर प्रबंध सिकलसेल किंवा कमी वजनाच्या बाळांवरच घ्या. आणि हो, राजीनाम्याआधी बॉण्डची अट तपासा.