कड्याच्या काठाने : माथेरानच्या पायवाटेवरील एक पाठ



सहलीहून परतल्यानंतर लिहिलेल्या निबंधांत माथेरानविषयी बहुधा तीनच गोष्टी वाचावयास मिळतात : छोटी रेल्वे, घोडे आणि हातातला खाऊ पळविणारी माकडे. कड्यावरील पॉइंटांचा उल्लेख आलाच, तर 'तेथून फार सुंदर देखावा दिसतो' या एका वाक्यात तो संपतो. हे वाक्य खोटे नाही. पण ते लिहिण्यासाठी तेथवर चालत जाण्याची गरज नसते, चित्र पाहूनही ते लिहिता येते. कड्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या त्या पायवाटेवर प्रत्यक्ष उभे राहिल्यावर काय पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ कसा लावावा, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. 'माथ्यावरील रान' असा त्याच्या नावाचा अर्थ सांगितला जातो आणि तो स्थळाला शोभतोही. हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेत नाही. तिच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या खोऱ्याने तिच्यापासून वेगळी झालेली एक स्वतंत्र रांग आहे. उत्तरेकडे ती मलंगगडाच्या दिशेने जाते. माथेरानचा आकार समजून घ्यावयाचा असेल तर आपला तळहात टेबलावर पालथा ठेवावा आणि बोटे पसरावीत. मधला सपाट भाग म्हणजे बाजार, वस्ती, शार्लट तलाव आणि दाट झाडी. बोटे म्हणजे चहूकडे गेलेल्या डोंगरसोंडा. प्रत्येक बोटाचे टोक म्हणजे एक पॉइंट, आणि दोन बोटांमधली जागा म्हणजे खोल घळ. उत्तरेस पॅनोरमा, पश्चिमेस पॉर्क्युपाइन, लुइझा व एको, दक्षिणेस वन ट्री हिल आणि चौक, पूर्वेस रामबाग, अलेक्झांडर व गार्बट अशी ही टोके आहेत. लहानमोठे धरून तीसपेक्षा अधिक पॉइंट मोजले जातात. त्यांना जोडणारी वाट कधी झाडीतून, तर कधी अगदी कड्याच्या कडेने जाते.

इतिहासाच्या पुस्तकात असे वाचावयास मिळते की, १८५० साली ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हे पायथ्याच्या चौक गावी मुक्कामास असताना डोंगर चढून गेले आणि माथेरानचा 'शोध' लागला. हा शब्द जपून वापरावा. मॅलेटसाहेब चढून गेले ते माणसांच्या पावलांनी आधीच मळलेल्या वाटेने. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर व त्याच्या उतारांवर त्यापूर्वीपासून राहत होते. शोध लागला तो मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना, उन्हाळ्यात राहण्याजोग्या थंड जागेचा. पॉइंटांना आज जी इंग्रजी नावे आहेत, ती त्यानंतरची.

आता मुख्य विषयाकडे वळू. लुइझा पॉइंटावर सकाळी उभे राहावे. समोर दरीपलीकडे प्रबळगडाचा प्रचंड कडा दिसतो. त्याचे सौंदर्य क्षणभर बाजूस ठेवून केवळ त्यावरील पट्टे मोजावेत. काळ्या, उभ्या, जवळजवळ उघड्या कातळाचा एक पट्टा, त्याखाली गवताची किंवा झुडपांची हिरवी आडवी रेघ, पुन्हा उभा कातळ, पुन्हा हिरवी रेघ. हे पट्टे म्हणजे दख्खनच्या भूमीची जन्मपत्रिका होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरत गेला. तो थिजला, त्यावर काही काळ गेला, मग पुन्हा नवा लोंढा आला. असे लोंढ्यावर लोंढे येऊन बेसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे, आडवे थर एकावर एक रचले गेले. लोंढ्याचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट व कठीण असतो. त्याचा उभा कडा बनतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो, लवकर झिजतो, आणि त्या झिजेतून तयार झालेल्या मातीत गवत रुजते. म्हणून प्रत्येक हिरवी रेघ ही साधारणपणे एका लोंढ्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ दाखविते. दोन लोंढ्यांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी मातीचा पातळ थरही सापडतो. एक लोंढा थिजून दुसरा येईपर्यंत बराच अवधी गेल्याची ती साक्ष असते.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. एक काठी डोळ्यांसमोर आडवी धरावी आणि प्रबळच्या पट्ट्यांशी जुळवून पाहावी. ते पट्टे जवळजवळ आडवेच आढळतील. मग मान वळवून माथेरानच्याच पुढे आलेल्या सोंडेकडे पाहावे. तेथेही तशीच रचना, तसेच आडवे पट्टे. मधली दरी मनाने भरून काढली, तर दोन्ही डोंगर एकाच पठाराचे तुकडे होते हे ध्यानी येते. डोंगर वर उचलले गेले आणि दरी तशीच खाली राहिली, असे विद्यार्थ्यांना सहसा वाटते. प्रत्यक्षात येथे उलटे घडले आहे : आपण ज्याला दरी म्हणतो तो पाण्याने वाहून नेलेला डोंगर आहे. माझ्या मते माथेरानला जाऊन एवढी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पटवून घेतली, तरी त्या सहलीचे सार्थक झाले.

पायाखालच्या तांबड्या धुळीकडेही दुर्लक्ष करू नये. माथ्यावर जांभ्याचे आवरण आहे. बेसाल्टवर दीर्घकाळ पाऊस पडत राहिला की त्यातील विरघळणारी द्रव्ये धुपून जातात, लोह मागे राहते आणि गंजते. तोच हा तांबडा रंग. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी मुरवितो. खालचा घट्ट बेसाल्ट ते सहज आत घेत नाही. परिणामी दोहोंच्या सांध्याशी पाणी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. चहूबाजूंनी तुटलेल्या या उंच माथ्यावर मुळात वस्ती कशी टिकली, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या सांध्यात आहे.

परंतु जे पाणी झरा देते, तेच कडाही पाडते. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. मऊ थर आतून कोरला जातो, वरचा कठीण थर आधाराविना पुढे लोंबत राहतो, त्यातील उभ्या भेगांत पाणी शिरते आणि एके दिवशी तो तुकडा निखळतो. कडा असा वर्षानुवर्षे मागे सरकत असतो. म्हणून पॉइंटावरील लोखंडी कठड्याच्या आत राहावे, ही सूचना केवळ शिस्तीची बाब नाही. ज्या खडकावर छायाचित्रासाठी उभे राहण्याचा मोह होतो, त्याच्या खाली काय शिल्लक आहे हे वरून दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रतिध्वनी ऐकण्याच्या उत्साहात एको पॉइंटावरून दगड भिरकावला. मी त्याला रागावलो नाही. फक्त विचारले, 'खाली कोण आहे?' तो म्हणाला, 'सर, खाली जंगल आहे.' हे उत्तर त्याच्या एकट्याचे नव्हते. उंचावरून पाहताना आपणा सर्वांनाच खाली फक्त जंगल दिसते. थोडा वेळ स्थिर नजरेने पाहिले की त्या हिरवाईत धुराची एक रेघ दिसते, मग एखादे कौलारू छप्पर, मग भातखाचरांचे तुकडे. ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या या डोंगराच्या उतारांवर व पायथ्याशी आहेत. त्यांतील माणसे भल्या पहाटे घळींतल्या वाटांनी माथ्यावर येतात, मजुरी करतात, भाजीपाला व रानमेवा विकतात आणि तिन्हीसांजेला उतरून जातात. आपण ज्या वाटेचे छायाचित्र काढतो, ती त्यांची रोजची वाट आहे.

माथेरानच्या दक्षिण व नैर्ऋत्य बाजूच्या पॉइंटांवरून इर्शाळगडाचा टोकदार सुळका दिसतो. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि वाडीतील बरीच घरे झोपलेल्या माणसांसह गाडली गेली. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता; यंत्रे पोहोचू शकली नाहीत. बचावपथकांनी पायवाट चढून जाऊन हातांनी माती उपसली. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. उतारावरील माती, तिच्याखालचा न मुरविणारा कातळ आणि थोड्या अवधीत पडलेला प्रचंड पाऊस, ही कारणे आपण वर पाहिलेल्या पाठातीलच आहेत. भूगोलाचे पुस्तक व ही वाडी यांच्यामध्ये जे अंतर राहिले, ते भरून काढणारे कोणी तुमच्यापैकीच असावेत, अशी माझी इच्छा आहे.

याच पाषाणाचे वाचन प्राचीन काळी किती बारकाईने झाले होते, याचे उदाहरणही जवळच आहे. पूर्वेकडील पॉइंटांवरून उल्हास खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग दिसते. त्या रांगेत, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत; त्यांचा काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. चैत्यगृह आणि विहार कोरावयाचे तर अभंग, जाड कातळाचा थर निवडावा लागतो. मऊ थर छताशी आला तर छत टिकत नाही आणि पाणी झिरपत राहते. कारागिरांपाशी लाव्हारसाचा सिद्धान्त नव्हता, पण थरांची जाण त्यांच्या छिन्नीत होती. वर्षावासाच्या काळात भिक्खूंना एका जागी राहावे लागे, आणि कोकणच्या पावसात त्यांना कोरडे ठेवणारा निवारा याच जाणिवेतून घडला.

आता त्या वाटेविषयी थोडे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत वर येते. बंदीमुळे हवा शुद्ध राहिली, झाडी टिकली, हे खरे. परंतु या शांततेचे मोल एका वर्गाने आपल्या खांद्यांनी चुकते केले, हेही तितकेच खरे. तांबड्या चढावर माणसाला बसवून माणसानेच ओढावयाची हातरिक्षा येथे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष व मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षांद्वारे उपजीविका मिळवून देण्याचा आदेश दिला. ई-रिक्षांमुळे रस्ते बिघडतील, घोडेवाल्यांचे पोट कसे चालेल, असे आक्षेप आहेत आणि त्यांचा विचार व्हावयास हवा. तथापि निसर्ग राखण्यासाठी माणसाने माणसाला ओढलेच पाहिजे, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. धडधाकट पाहुण्यांनी तरी दस्तुरीपासून चालतच जावे. अंतर सुमारे अडीच किलोमीटर आहे आणि वाट सावलीची आहे.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे. भर पावसात धुक्यापलीकडे काही दिसत नाही. उन्हाळ्यात धुळीमुळे दूरचे पट्टे पुसट होतात. पर्यटक पूर्वेकडे सूर्योदयासाठी आणि पश्चिमेकडे सूर्यास्तासाठी गर्दी करतात. अभ्यासकाने नेमके उलट करावे. सकाळचे ऊन प्रबळच्या पूर्वेकडील कड्यावर सरळ पडते, म्हणून लुइझा आणि एको सकाळी पाहावेत. दुपारनंतर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि समोरची सह्याद्रीची भिंत उजळते. त्या वेळी रामबाग व अलेक्झांडर पॉइंटांवर जावे. सोबत वही, पेन्सिल, होकायंत्र आणि पाण्याची बाटली असावी. प्रथम पट्ट्यांचे रेखाचित्र काढावे, मग त्याच चित्रात खाली दिसणारी घरे दाखवावीत, आणि त्या वाडीचे नाव ठाऊक नसल्यास शेजारून जाणाऱ्या घोडेवाल्या काकांना किंवा भाजी घेऊन आलेल्या मावशींना विचारून लिहावे.