एक खेळाडू, तीन खेळ



आपल्यापैकी बरेच जण गावी एक खेळ शिकून येथे येतात आणि शाळेत दुसराच खेळ वाट्याला येतो. मी चौथीपासून तालमीत जात होतो. आता हाउसकडून बॉक्सिंग खेळतो. कुस्तीत वाकून प्रतिस्पर्ध्याला भिडायचे, बॉक्सिंगमध्ये अंतर राखायचे. मग तालमीतली मेहनत वाया गेली का? याचे उत्तर मला अमेरिकेच्या हॉली होमच्या कारकिर्दीत मिळाले.

हॉलीचा जन्म १९८१ साली न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे झाला. सोळाव्या वर्षी एरोबिक्सच्या वर्गातून ती किकबॉक्सिंगकडे वळली. माइक विंकलजॉन हे तिचे प्रशिक्षक. २००२ मध्ये ती व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरली आणि तीन वजनी गटांत जगज्जेती झाली. २०१३ मध्ये बॉक्सिंग थांबवले तेव्हा तिच्या नावावर ३३ विजय, २ पराभव आणि ३ बरोबरी होत्या. २०११ पासून ती मिश्र युद्धकला, म्हणजे एमएमए, हा तिसरा खेळही खेळत होती.

या खेळांचे नियम वेगळे आहेत. बॉक्सिंगमध्ये फक्त ठोसे आणि तेही कमरेच्या वर. किकबॉक्सिंगमध्ये लाथाही चालतात. एमएमएमध्ये ठोसे, लाथा, कुस्तीची पाडापाडी आणि जमिनीवरची पकड असे सर्व चालते. महिलांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये साधारणपणे दोन मिनिटांच्या फेऱ्या असतात, एमएमएमध्ये पाच मिनिटांच्या.

१५ नोव्हेंबर २०१५ रोजी मेलबर्नमध्ये हॉलीची लढत अपराजित विजेती रोंडा राउझी हिच्याशी झाली. रोंडाने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचे कांस्यपदक मिळवले होते. प्रतिस्पर्ध्याला पकडून खाली आणायचे आणि हात मुरगळायचा, ही तिची पद्धत. हॉली बॉक्सरच्या पायांनी सतत बाजूला सरकत राहिली आणि पुढे येणाऱ्या रोंडाला डाव्या हाताचे ठोसे देत राहिली. पहिल्या फेरीत रोंडाने हात पकडलाही, पण हॉली त्यातून सुटली. दुसऱ्या फेरीचे पहिले मिनिट संपण्याआधीच हॉलीची डावी लाथ रोंडाच्या मानेवर बसली आणि लढत संपली. पायांची चाल बॉक्सिंगची, लाथ किकबॉक्सिंगची आणि पकडीतून सुटणे नव्याने शिकलेले.

पण गोष्ट येथे संपत नाही. मार्च २०१६ मध्ये तिच्यासमोर मिशा टेट होती. मिशा शाळेपासून कुस्ती खेळलेली. चार फेऱ्यांनंतर हॉली गुणांवर पुढे होती. पाचव्या फेरीत मिशाने तिला खाली आणले आणि मागून गळ्याला हाताचा विळखा घातला. हॉलीने हार मानली नाही. ती बेशुद्ध पडली आणि विजेतेपद गेले. उभ्याने लढण्याचा इतक्या वर्षांचा अनुभव जमिनीवर पुरला नाही.

यावरून मला असे वाटते की, नवा खेळ घेताना दोन याद्या कराव्यात. पहिलीत सोबत येणाऱ्या गोष्टी. कुस्तीतून बॉक्सिंगमध्ये दम, तोल, मानेची ताकद आणि मार सोसण्याची सवय येते. दुसरीत मागे ठेवायच्या व पहिल्या इयत्तेपासून शिकायच्या गोष्टी. बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे हा फाउल आहे आणि फार वाकलेला पवित्रा महागात पडतो. पहिली यादी आत्मविश्वास देते, दुसरी नम्रता. जगज्जेतेपद मिळवूनही हॉली नव्या खेळात नवशिकी म्हणून उभी राहिली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला, तेव्हाही ती एमएमएचा सराव करतच होती.