व्हायरसचा इशारा खरा की अफवा?

प्रश्न : ‘अमुक नावाचा मेल उघडला तर हार्ड डिस्क जळेल, सर्वांना कळवा’ असा ईमेल आलाय. पुढे पाठवू का? – एक वाचक, म्हसळा

उत्तर : पाठवू नका. ‘सर्वांना कळवा’ हा आग्रहच संशयाला जागा देतो. १९९४ मध्ये ‘गुड टाइम्स’चा असाच इशारा जगभर फिरला, तसा व्हायरस नव्हताच. २००२ च्या अफवेने तर नुकसान केले. टेडी अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल पुसून टाका, अँटिव्हायरसला ती सापडत नाही, असे त्यात होते. सापडणार कशी? ती विंडोजचीच फाइल होती. लोकांनी शोधली, मिळाली, म्हणून इशारा खरा मानला आणि आपल्याच हाताने पुसली. ‘सावध केले तर बिघडले कुठे?’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस मात्र खरोखरच ईमेलमधून पसरला होता, त्यामुळे प्रत्येक इशारा खोटा असेही नाही. पण खऱ्या इशाऱ्यात तारीख, धोका कोणत्या प्रणालीला आणि उपाय काय, हे नेमके असते, आणि तो मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येतो. भारतात असे इशारे देण्याचे काम २००४ पासून सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा करते. ‘मायक्रोसॉफ्टने सांगितले’ एवढ्यावर विसंबू नका. त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. नाही सापडले, तर ज्यांनी पाठवला त्यांना तेवढे जरूर कळवा.