यजमानपद नाकारणारी शहरे

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर रोज सायंकाळी गंगा आरतीसाठी हजारो लोक पायऱ्यांवर बसतात. या घाटाच्या बांधणीशी पेशवे आणि अहिल्याबाई होळकर यांची नावे जोडलेली आहेत. अठराव्या शतकातील ही बांधणी आजही स्नानार्थी व नावाडी यांच्या रोजच्या उपयोगाची आहे. घाटांच्या पायऱ्यांवर बेतलेली प्रेक्षकसज्जा असलेल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाची पायाभरणी २३ सप्टेंबर २०२३ रोजी वाराणसीतील गंजारी येथे झाली. अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद मिळाले आहे. भारतीय शहरे अशी पुढे येत असताना जगातील अनेक संपन्न शहरे मात्र हा मान नाकारत आहेत. त्यामागील कारणे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

नकाराची परंपरा

डेन्व्हरला १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक मिळाले होते. परंतु १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यासाठी सार्वजनिक निधी देण्यास नकार दिला. व्हिएतनामने २०१४ मध्ये हनोईला मिळालेल्या आशियाई स्पर्धा आर्थिक कारणास्तव परत केल्या. २०२४ च्या ऑलिंपिकच्या शर्यतीतून बोस्टन, हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट ही शहरे बाहेर पडली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२३ मध्ये २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा सोडून दिल्या.

खर्च आणि जोखीम

स्पर्धेची तारीख सहसा पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे कामे रेंगाळली की अखेरच्या टप्प्यात वाटेल त्या दराने ती पूर्ण करावी लागतात. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नात आंतरराष्ट्रीय संघटनेचा मोठा वाटा असतो. तुटीची हमी मात्र प्रामुख्याने यजमानाला द्यावी लागते. माँट्रियलला १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडण्यास २००६ साल उजाडले. स्पर्धेनंतर ओस पडणारी क्रीडागारे, त्यांच्या देखभालीचा भार आणि रहिवाशांचे विस्थापन ही नागरिकांच्या विरोधाची अन्य कारणे होत.

भारतीय अनुभव

दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांबाबत महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालाने नियोजनातील विलंब आणि वाढत्या खर्चावर गंभीर ताशेरे ओढले. याउलट, पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तेथेच झाल्या. एकदा उभारलेली सुविधा पुन्हा उपयोगात आणणे हाच खर्चावरील खरा अंकुश होय. पॅरिसनेही २०२४ मध्ये प्रामुख्याने विद्यमान आणि तात्पुरत्या क्रीडास्थळांवर भर दिला.

निकष कोणता?

यजमानपद नाकारणे म्हणजे खेळाला विरोध नव्हे. स्पर्धा आली नसती तरी हा रस्ता, हे मैदान, ही जलवाहिनी शहराला हवी होती काय, हा प्रश्न नागरिक विचारत आहेत. त्याचे उत्तर खर्चाच्या तपशिलासह, करारावर स्वाक्षरी होण्यापूर्वीच जनतेसमोर ठेवले गेले पाहिजे. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उत्सवाच्या दिवशी गर्दी सामावून घेतात आणि एरवी शहराच्या नित्य व्यवहाराला उपयोगी पडतात. क्रीडासुविधांची उपयुक्तताही सोहळा संपल्यानंतरच्या दिवसांवरून ठरवावी लागेल.