जुन्या लहान मोटारीचे एंजिन : मापे आणि निगा

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे एंजिन हे चार धावांच्या पेट्रोल एंजिनाचे उत्तम उदाहरण होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीने इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार बनविली. प्रथम ती फियाट ११०० म्हणून ओळखली जाई. १९७४ पासून तिला प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली व वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ही मोटार टॅक्सी म्हणून चालविणे बंद झाले. खासगी मालकांजवळ मात्र अशा मोटारी आजही आहेत. त्यांचे एंजिन उघडून पाहता येते, हाताने जुळविता येते. म्हणून विद्यार्थ्याला ते शिकण्यास सोयीचे आहे.

मापांचा अर्थ

या एंजिनात चार सिलिंडर एका रांगेत असतात. प्रत्येकाचा आतील व्यास ६८ मिलिमीटर असून दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर असते. या दोन आकड्यांवरून एंजिनाचे आकारमान काढता येते. ६.८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर भरते. त्यास ७.५ ने गुणल्यास एका सिलिंडरचे सुमारे २७२ घन सेंटिमीटर होतात आणि चारांचे मिळून सुमारे १,०८९. 'अकराशे' हे नाव याच आकड्यावरून पडले. या एंजिनाची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती.

दट्ट्या अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. तिला ज्वलनकक्ष म्हणतात. दट्ट्या खाली असतानाचे एकूण घनफळ या उरलेल्या जागेच्या कितीपट आहे, ते सांगणारी संख्या म्हणजे दाबप्रमाण. समजा, ते साडेसात आहे. तर ज्वलनकक्ष सुमारे ४२ घन सेंटिमीटरचा असला पाहिजे. आता त्यात केवळ २ घन सेंटिमीटर काजळी साचली, तर दाबप्रमाण ७.८ पर्यंत चढते. तापलेली काजळी मिश्रणाला अवेळी पेटविते, वाढलेल्या दाबाने ज्वलन बेताल होते आणि चढावर एंजिन ठोकू लागते. चमचाभरही नसलेली काजळी दट्ट्याचे एवढे नुकसान करू शकते.

ठिणगीचे काम

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ व चारांत मिळून १०० ठिणग्या पडतात. एवढ्याच वेळा डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची उघडझाप होते. एका तासात ही संख्या ३,६०,००० होते! हे ध्यानात घेतले म्हणजे पॉइंट का झिजतात, याचे नवल वाटत नाही. पॉइंटमधील अंतर साधारणतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. ते फीलर गेजने मोजावे. अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून पॉइंट आधी जुळवावेत व ठिणगीची वेळ नंतर पाहावी. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. प्लगच्या तारा बसविताना हा क्रम चुकल्यास एंजिन थडथडते किंवा सुरूच होत नाही.

उष्णता आणि वंगण

या एंजिनाचा ठोकळा बिडाचा, तर वरचे डोके ॲल्युमिनिअमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनिअम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानास हा फरक गॅस्केट सहन करते. परंतु पाणी संपून एंजिन अतिशय तापले, तर डोके वाकते आणि गॅस्केट फुटते. मग पाणी तेलात मिसळते व तेल दुधाळ दिसू लागते. जयपूरच्या झालाना भागातील उन्हाळ्यात किंवा बोरघाटाच्या चढणीवर हा धोका विशेष असतो. अशा वेळी मोटार थांबवून एंजिन बंद करावे व ते निवू द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतील दाब एकदम सुटून उकळते पाणी अंगावर उडते. तापल्या एंजिनावर थंड पाणीही ओतू नये. त्याने धातूस तडा जातो.

कोरड्या प्रदेशातील बारीक वाळू हा एंजिनाचा दुसरा शत्रू. ती हवेबरोबर आत गेल्यास सिलिंडर व दट्ट्याच्या कड्या घासून काढते. म्हणून तेथे हवेची गाळणी अधिक वेळा स्वच्छ करावी. तेलाची पातळी मोटार सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यानंतर थोड्या वेळाने पाहावी.

धुराचा रंग रोगाचे निदान करतो. निळसर धूर निघाल्यास तेल जळत आहे असे समजावे. काळा धूर असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल अधिक येत आहे. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरत आहे. मात्र ही परीक्षा मोकळ्या जागीच करावी. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक असतो.

बदललेले इंधन

हे एंजिन ज्या काळी आखले गेले, त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत. शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे झिजेपासून रक्षण करीत असे. आरोग्यास अपाय होतो म्हणून भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, व ते योग्यच झाले. पण जुन्या एंजिनाच्या मालकाने टॅपेटमधील अंतर अधिक वारंवार तपासणे आवश्यक ठरले. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मऊ करते. यास्तव पेट्रोलच्या जुन्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवावेत. झिरपणारे पेट्रोल तापलेल्या एंजिनावर पडल्यास आग लागते, म्हणून या कामी चालढकल करू नये. मोटार बराच काळ उभी ठेवावयाची असल्यास टाकीतील जुने पेट्रोल काढून घ्यावे.

स्वाध्याय

१. एंजिन मिनिटास २,४०० फेरे घेत असता चारही सिलिंडरांत मिळून सेकंदाला किती ठिणग्या पडतील?

२. सिलिंडर घासून व्यास ६८.४ मिलिमीटर केला, तर एंजिनाचे आकारमान किती होईल?

३. पॉइंट जुळविण्यापूर्वी ठिणगीची वेळ ठरविल्यास काय होईल, ते कारणासह लिहा.