सांडपाण्याचा पुनर्वापर : पटल जपले तर पाणी

शहराने एकदा वापरून सोडून दिलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे ही आता केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट राहिलेली नाही. कारखान्यांना असे शुद्ध केलेले पाणी मिळाले, तर धरणातील तेवढेच पाणी पिण्यासाठी शिल्लक राहते. या कामी रिव्हर्स ऑस्मॉसिस ही पद्धत फार उपयोगी ठरली आहे. तथापि, या पद्धतीचे सारे यश ज्या पातळ पटलावर अवलंबून असते, त्या पटलावर हळूहळू थर चढतो. मग पाणी कमी येऊ लागते, विजेचा खर्च वाढतो आणि अखेर पटलच बदलावे लागते. हा थर का चढतो आणि तो कसा रोखता येतो, हे समजून घेणे यंत्र चालविणाऱ्यांइतकेच अशा योजना मंजूर करणाऱ्यांनाही अगत्याचे आहे.

पटलाचे कार्य

पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडविणाऱ्या पटलाच्या एका बाजूस खारे आणि दुसऱ्या बाजूस गोडे पाणी ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते. खाऱ्या पाण्यावर पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटतो. शुद्ध पाणी पलीकडे जाते आणि क्षार मागे राहतात. हेच रिव्हर्स ऑस्मॉसिस होय. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडने लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे पुरेसे पाणी देणारे पटल तयार केले आणि ही पद्धत व्यवहारात आली. आज बहुतेक ठिकाणी पॉलिअमाइडची पटले वापरली जातात. त्यांतील प्रत्यक्ष काम करणारा थर माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो.

पाणी पलीकडे गेले की त्यातील क्षार व कण पटलापाशीच साचतात. पटलावरून वाहणारे उरलेले पाणी त्यांतील बराचसा भाग वाहून नेते, परंतु सगळा नेत नाही. म्हणजे थर चढण्याचे बीज पटलाच्या कामातच असते. तो किती वेगाने चढावा, हे मात्र माणसाच्या हाती असते.

थराचे चार प्रकार

पहिला प्रकार गाळाचा. सांडपाण्यातील माती, लोहाचे कण आणि न निवळलेला गाळ पटलांच्या अरुंद वाटा अडवितो. दुसरा सेंद्रिय द्रव्यांचा. जैविक शुद्धीकरणानंतरही पाण्यात उरलेली द्रव्ये पटलाला चिकटतात. तिसरा क्षारांचा. शंभर लीटर पाण्यातून पंच्याऐंशी लीटर शुद्ध पाणी काढले, तर जवळजवळ सर्व क्षार उरलेल्या पंधरा लीटरमध्ये राहतात आणि त्यांचे प्रमाण साडेसहा पटींहून अधिक होते. अशा वेळी कॅल्शियमचे कार्बोनेट, सल्फेट व फॉस्फेट, तसेच सिलिका यांचे कठीण पापुद्रे बसतात. क्षारांचा थर प्रवाहाच्या शेवटच्या नळकांड्यांत प्रथम दिसतो, तर गाळ आणि जंतूंचा थर बहुधा सुरुवातीच्या नळकांड्यांत आढळतो. कोणता मजला आधी बिघडला, यावरून दुखणे ओळखता येते ते यामुळेच.

चौथा प्रकार जैविक थराचा. सांडपाण्याच्या बाबतीत हाच सर्वांत चिवट शत्रू ठरतो. गाळ बाहेरून येतो तेवढाच असतो, जंतू मात्र पटलावर बसून वाढतात. दहा हजारांतील एकच जिवंत राहिला, तरी खाद्य मिळताच तो पुन्हा वसाहत उभी करतो. स्वतःभोवती तो चिकट आवरण निर्माण करतो आणि त्या आवरणाआड औषधाचाही परिणाम मंदावतो.

ऑरेंज काउंटीचा धडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑरेंज काउंटी येथे भूजलाच्या अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी जमिनीत शिरू लागले. त्याला अटकाव करण्यासाठी 'वॉटर फॅक्टरी २१' हा प्रकल्प उभारण्यात आला. शुद्ध केलेले सांडपाणी १९७६ पासून विहिरींवाटे जमिनीत सोडण्यात येऊ लागले. १९७७ मध्ये रोज सुमारे १ कोटी ९० लाख लीटर क्षमतेची रिव्हर्स ऑस्मॉसिस यंत्रणा तेथे सुरू झाली. पटलांपूर्वी पाण्यावर चुन्याची प्रक्रिया होत असे व ते गाळले जात असे. तरीही पटलांवर थर चढला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅरी रिजवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पटले उघडून तपासली. थराची जाडी मिलिमीटरच्या एक ते दोन शतांशांएवढीच होती. पण तो मुख्यतः जंतूंचाच होता.

या अनुभवाचा उपयोग पुढे झाला. जानेवारी २००८ मध्ये त्याच ठिकाणी दररोज सुमारे २६ कोटी लीटर पाणी देणारा नवा प्रकल्प सुरू झाला. २०२३ मध्ये त्याची क्षमता सुमारे ४९ कोटी लीटर झाली. तेथे पाणी आधी अतिसूक्ष्म तंतूंच्या गाळणीतून जाते. तिची छिद्रे हजारो मिलिमीटरांत मोजण्याजोगी नसून मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांची असतात. या टप्प्यावर गाळ आणि बहुतेक जंतू अडतात. मुक्त क्लोरीनने पॉलिअमाइडचे पटल खराब होते, म्हणून क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगातून होणारा सौम्य क्लोरामाइन जंतूंना आवर घालतो. क्षारांचे पापुद्रे बसू नयेत यासाठी आम्ल आणि क्षाररोधक द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले जाते. पटल वाचविण्याचे काम पटलाच्या आधीच सुरू होते, हा या प्रकल्पाचा मुख्य धडा होय.

नोंदवहीचे महत्त्व

पाण्यावरील दाब, शुद्ध पाण्याचा प्रवाह आणि त्यातील क्षारांचे प्रमाण यांची दररोज नोंद ठेवली, तर थर वेळीच ध्यानात येतो. मात्र आकडे तापमानाशी जुळवून पाहिले पाहिजेत. पाणी एक अंश सेल्सिअसने थंड झाले की प्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. हिवाळ्यातील घट पाहून कर्मचारी विनाकारण चिंतित होतात आणि उन्हाळ्यात ऊबेमुळे वाढलेला प्रवाह खरा बिघाड झाकतो. तापमानाचा हिशेब केल्यानंतरही प्रवाह दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरला, तर लगेच धुलाई करावी. सेंद्रिय व जैविक थर अल्कलीयुक्त द्रावणाने, तर क्षारांचे थर आम्लाने निघतात. दोन्ही थर असल्यास सामान्यतः अल्कलीची धुलाई आधी करणे हितावह असते. धुण्यास उशीर झाला की थर घट्ट होतो आणि पुढे कोणतेच द्रावण त्याला पुरते काढू शकत नाही.

आपल्यापुढील प्रश्न

मुंबईत चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरले जाते. चेन्नईत कोयंबेडू येथे २०१९ मध्ये दररोज साडेचार कोटी लीटरचा प्रकल्प उद्योगांसाठी सुरू झाला. औष्णिक वीज केंद्रांनी ५० किलोमीटरच्या परिसरातील शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या वीजदर धोरणात नमूद आहे. पुनर्वापराची व्याप्ती अशी वाढत असताना यंत्र खरेदीची तरतूद जितकी काळजीपूर्वक केली जाते, तितकीच काळजी पूर्वशुद्धीकरण, प्रशिक्षित कर्मचारी, धुलाईची द्रव्ये आणि पटले बदलण्याचा निधी यांबाबत घेणे आवश्यक आहे. मूळ सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नीट चालले नाही, तर काही वर्षे टिकणारे पटल अल्पकाळात निकामी होते, प्रकल्प बंद पडतो आणि कारखाना पुन्हा गावाच्या पिण्याच्या पाण्याकडे वळतो.

निविदेत, अंदाजपत्रकात आणि पाहणी अहवालात या बाबींना स्वतंत्र स्थान मिळाले, तर एकदा उभारलेला प्रकल्प दीर्घकाळ पाणी देत राहील. ज्या पाण्यासाठी एखाद्या वस्तीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या पाण्याची बचत अशाच दैनंदिन दक्षतेतून होणार आहे.